ती परत नांदायला गेली, आता आम्ही काय करायचं?

ताई, नमस्कार. मी तासगाव तालुक्यातल्या एका गावात राहते. वय बावन्न. आमचा दहाजणींचा बचत गट आहे, त्यातल्या सहाजणी एकाच टोळीतून द्राक्षबागेत कामाला जातो. गटातलीच एक पोर, अठ्ठावीस वर्षांची, माझ्या भिंतीला भिंत लागून राहते. तिचा नवरा पिऊन मारतो, न पिताही मारतो. मुलगा तिसरीत आहे, मुलगी अंगणवाडीत. दिवाळीत आम्ही पाचजणी जाऊन त्याला दारात बोललो. त्या रात्री ‘गावात माझी अब्रू काढलीस’ म्हणून त्यानं तिला जास्तच मारलं. मग ती माहेरी गेली. महिन्यानं पाव्हण्यांनी बैठक बसवली, तंटामुक्तीचे अध्यक्षही होते. ‘पुन्हा हात उचलणार नाही’ असं त्यानं कागदावर लिहून दिलं, ती नांदायला आली आणि पंधरा दिवसांत पुन्हा तेच. तिच्या नावावर गटातून काढलेले वीस हजारही त्यानंच उडवले, हप्ते थकलेत. आता बायका म्हणतात, तिलाच नांदायचंय तर आपण कशाला मधी पडायचं? सासरा म्हणतो, घर माझ्या नावावर आहे, जायचं तर पोरं ठेवून जा. मला सगळ्यात जास्त त्रास त्या पोराचा होतो. भांडण सुरू झालं की ते माझ्या सैपाकघरात येऊन बसतं, बोलत नाही. परवा म्हणालं, ‘काकी, आज हितंच झोपू?’ माझे मालक ट्रकवर असतात, घरात मी नि सून दोघीच. भीतीपोटी मी त्याला परत पाठवलं. रात्रभर डोळा लागला नाही. माझं चुकलं का? आणि आम्ही बायकांनी करायचं तरी काय?
— एक शेजारीण

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. त्या पोराबद्दल शेवटी लिहिते, कारण त्याच्यासाठी करायची गोष्ट त्याच्या आईशी बोलल्याशिवाय होणार नाही.

आधी गटातल्या बायकांचं बोलणं. ‘तिलाच नांदायचंय’ हे वाक्य मी वीस वर्षं ऐकते आहे, आणि खरं सांगायचं तर सुरुवातीला मीही ते मनात म्हणत असे. एका बाईला मी फार नेटानं घर सोडायला लावलं होतं. ती दोन महिन्यांत परत गेली. मी तिच्यावर रागावले, आणि माझ्या रागाला घाबरून ती माझ्याकडे यायची बंद झाली. पुढं तिचा हात मोडला तेव्हा तिनं कुणालाच कळवलं नाही. ती चूक माझी होती. नवऱ्याच्या मर्जीतून सोडवताना मी तिला माझ्या मर्जीत बांधू पाहत होते.

तुमची शेजारीण का परतली, याचं उत्तर तुमच्याच पत्रात आहे. ‘पोरं ठेवून जा’ असं तिला सांगितलंय. घर सासऱ्याचं, कर्ज तिच्या नावावर, माहेरात भाऊ-भावजयीचा संसार. अशा वेळी बाई मारापेक्षा पोरांच्या ताटातुटीला जास्त भिते. ती परत गेली ती नवऱ्याकडं नव्हे, ताई, ती पोरांकडं गेली. अनेकजणी कायमच्या बाहेर पडायच्या आधी चार-पाच वेळा परत जातात. प्रत्येक परतीच्या वेळी तिच्यासाठी उघडी असणारी दारं कमी होतात की तेवढीच राहतात, एवढीच एक गोष्ट गावाच्या हातात असते. गटात हे तुम्हीच सांगा. तुमचं ऐकतील.

दिवाळीत तुम्ही पाचजणी गेलात त्याला धाडस लागतं. पण तिला विचारून गेला नव्हता. तुमच्या बोलण्याची किंमत रात्री कोण मोजणार, हे तिला ठाऊक होतं, तुम्हाला नव्हतं. म्हणून इथून पुढं जिवावरचा प्रसंग सोडला तर तिच्या होकाराशिवाय त्याच्या दारात जायचं नाही. विचारायची जागा बाग. विरळणी करताना दोघी एका ओळीत लागा. फोनवर नको, फोन कुणाच्या हातात असतो सांगता येत नाही. आणि ‘तू त्याला सोडत का नाहीस?’ असं विचारू नका, त्यात दोष तिच्याच पदरात पडतो. ‘आम्ही काय केलं तर तुला बरं पडेल? आणि काय केलं तर तुला त्रास होईल?’ एवढं विचारा आणि गप्प बसा. पहिल्या दिवशी ती काहीच बोलणार नाही, बहुतेक. आठ दिवसांनी बोलेल.

तिच्याशी एक खूण ठरवा. मागच्या दारी ठरावीक रंगाचा टॉवेल, नुसता मिस्ड कॉल, पोराच्या हाती पाठवलेली रिकामी वाटी, काहीही चालेल. खूण दिसली की दोघी-तिघींनी मिळून साध्या कारणानं जायचं. विरजण पाहिजे होतं, उद्या टोळीची गाडी किती वाजता येणार, गटाच्या वहीवर सही राहिलीय. भांडणाचा विषय काढायचा नाही, त्याला उपदेश करायचा नाही. तिसरं माणूस दारात उभं राहिलं की उगारलेला हात पुष्कळदा खाली येतो, आणि ‘तू बोलावलंस’ म्हणायला त्याला जागा उरत नाही. एकटीनं मात्र कधीच जाऊ नका. तुम्हालाही घर आहे, आणि तोही भिंतीपलीकडेच आहे.

जिवावरचा प्रसंग कुठला ते नीट लक्षात घ्या. गळा दाबणं ही सगळ्यात वाईट खूण. वर वळ दिसला नाही तरी आत इजा झालेली असू शकते, म्हणून गळा दाबला असेल तर त्याच दिवशी दवाखाना. रॉकेल किंवा पेट्रोल काढणं, कोयता उचलणं, पोरांना मारून टाकीन म्हणणं, बागेच्या फवारणीचं औषध तिला पाजायची धमकी. तीच ‘विहीर जवळ करते’ म्हणाली तर तेही हलक्यात घेऊ नका. अशा वेळी परवानगी, खूण काही नाही. ११२ ला फोन करायचा आणि आजूबाजूच्या चार घरांचे दिवे लावायचे. आणखी एक. बाई घर सोडायला निघते किंवा तक्रार करते, तेव्हा धोका वाढतो. म्हणून तिनं काही ठरवलं तर ते गटात बोलायचं नाही. तीनजणींना माहीत असलं की पुरे. दहाजणींना कळलं की संध्याकाळपर्यंत पारावर कळतं.

आता त्या बैठकीबद्दल. तंटामुक्त गाव मोहीम २००७ साली आर. आर. पाटलांनी सुरू केली, ते तुमच्याच तालुक्यातल्या अंजनीचे. बांधाची, पाटाच्या पाण्याची, भावकीची कितीतरी भांडणं त्या समित्यांनी कोर्टाबाहेर मिटवली आणि लोकांचा पैसा वाचवला. त्याबद्दल मला आदर आहे. पण तंटा दोन बाजूंचा असतो. इथं एकजण मारतो आणि एकजण मार खाते, यात ‘दोघांनी थोडं थोडं समजून घ्यावं’ असं मधलं काही निघत नाही. बैठकीत तिला सगळ्या पुरुषांसमोर, नवऱ्यासमोर बोलायला लावलं असणार. तिथं खरं बोलून पुन्हा त्याच घरात झोपायला जायचं! त्या कागदाचंही तसंच. तो मोडला तर कुणी काही करू शकत नाही, हे त्याला पंधरा दिवसांत कळलं. तो कागद फाडू नका, झेरॉक्स करून ठेवा. त्यानं स्वतः मारल्याचं कबूल केलंय त्यात.

मोडता न येणारा कागद वेगळा असतो. महिलांचे कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण करणारा २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. त्यात मॅजिस्ट्रेट संरक्षणाचा आदेश देतात. तो आदेश मोडणं हाच गुन्हा, १ वर्षापर्यंत कैद किंवा २० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. या कायद्याखाली अर्ज केला म्हणजे सोडचिठ्ठी घेतली असं होत नाही. ती नांदत असतानाही अर्ज करू शकते. हे तिला जरूर सांगा, कारण ‘केस’ म्हटलं की बायकांना संसार मोडलाच असं वाटतं.

सासऱ्याचं बोलणंही कायद्यात बसत नाही. लग्नानंतर ज्या घरात ती नांदली त्या घरात राहायचा तिला हक्क आहे, उतारा कुणाच्याही नावावर असो. घर सासू-सासऱ्यांच्या मालकीचं असलं तरी ते सामायिक घर ठरू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२० साली स्पष्ट केलंय. मॅजिस्ट्रेट नवऱ्यालाच घराबाहेर राहायचा आदेश देऊ शकतात. आणि पोरांचं म्हणाल, तर पाच वर्षांखालचं मूल सर्वसाधारणपणे आईकडंच राहावं असं १९५६ चा पालकत्वाचा कायदा म्हणतो. मुलगी अंगणवाडीत आहे. मुलगा मोठा असला तरी त्याच २००५ च्या कायद्यात दोन्ही मुलांचा तात्पुरता ताबा मागता येतो, त्यासाठी वेगळी केस लागत नाही. ‘पोरं ठेवून जा’ या तीन शब्दांनी तिला बांधून ठेवलंय. आधी ती गाठ सुटू द्या.

अर्ज तासगावच्या कोर्टात करता येतो, किंवा ती माहेरी असेल तर तिथल्या कोर्टातही. पहिली तारीख साधारण ३ दिवसांत आणि निकाल ६० दिवसांत लावायचा प्रयत्न करावा असं कायदा सांगतो. प्रत्यक्षात तारखा लांबतात, हे मी लपवणार नाही. म्हणून वकिलाला पहिल्याच दिवशी अंतरिम आदेश, म्हणजे निकालाआधीचा तात्पुरता आदेश, मागायला सांगायचं. वकिलाला पैसे लागत नाहीत. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे कोणत्याही स्त्रीला, उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चानं वकील मिळतो. तालुका विधी सेवा समितीत विचारा, किंवा १५१०० ला फोन करा. अर्ज भरायला, घटनेचा अहवाल तयार करायला महिला व बालविकास विभागाचे संरक्षण अधिकारी असतात. ताई, तुमच्यासाठी महत्त्वाचं हे की त्यांना माहिती कुणीही देऊ शकतं, तुम्हीसुद्धा. चांगल्या हेतूनं माहिती देणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही, असं कायद्याचं चौथं कलम सांगतं. फक्त तिच्याशी बोलून द्या, तिला अंधारात ठेवून नको.

रात्रीत बाहेर पडायची वेळ आली तर १८१ ही महिला हेल्पलाइन आहे. जिल्ह्याला सखी वन स्टॉप सेंटर असतं, तिथं काही दिवसांचा निवारा, डॉक्टर, पोलीस, वकील यांच्याशी गाठ एकाच जागी पडते. तिच्याबरोबर दोन्ही मुलांची सोय होईल ना, हे आजच शांतपणी फोन करून विचारून ठेवा. मुलगा मोठा होत चाललाय, ऐनवेळी दारात अडचण नको.

मार लागला की दवाखान्यात जाताना तिच्याबरोबर कुणीतरी जा. डॉक्टरांना ‘पायरीवरून पडले’ सांगायचं नाही. कुणी मारलं, कशानं मारलं ते सांगायचं, कागदावर लिहायला लावायचं आणि केसपेपर जपायचा. आधार, रेशनकार्ड, पोरांचे जन्माचे दाखले, बँकेचं पासबुक, लग्नाची पत्रिका किंवा फोटो, यांच्या झेरॉक्स तिच्या घरी ठेवून उपयोग नाही. तुमच्या घरीही नको, भिंत एकच आहे. गटातल्या लांबच्या आळीत राहणाऱ्या एकीच्या ट्रंकेत ठेवा, बरोबर दोन जोडी कपडे आणि थोडे पैसे.

वीस हजारांचं काय करायचं? हा प्रश्न तुम्ही ओझरता लिहिलात, पण मला वाटतं गटाचं मन खरं तिथंच मोडलंय. आपल्या घामाचे पैसे बुडाले की माया आटते, हे खोटं कशाला म्हणायचं. पण बाईच्या नावावर कर्ज काढून पैसे हिसकावणं हाही हिंसाचारच आहे, त्याच कायद्यात आर्थिक छळ म्हणून तो वेगळा सांगितलाय. तिला थकबाकीदार ठरवून गटातून काढलंत तर त्याचं काम तुम्ही पूर्ण कराल. बैठक घेऊन हप्ता निम्मा करा, मुदत वाढवा. पुढं तिच्या मजुरीतला काही भाग मुकादमाकडून घरी न जाता थेट तिच्या बचतीत जमा होईल असं बघा, त्याला संशय येणार नाही एवढाच. लाडकी बहीण योजनेचे पैसे तिच्या खात्यावर येत असतील तर एटीएम कार्ड कुणाकडं असतं तेही विचारा. नवऱ्याकडं असेल तर दुसऱ्या बँकेत तिच्या एकटीचं खातं काढायला तिच्याबरोबर जा.

‘न पिताही मारतो’ हे तुम्ही लिहिलंत ते फार मोलाचं आहे. गावोगावी बायकांनी बाटली आडवी केली, त्यानं पुष्कळ घरांत फरक पडला, ते काम चालूच राहावं. पण पिऊन त्यानं मुकादमाला, पोलीस पाटलाला कधी हात लावलाय का बघा. कुणाला मारलं तर चालतं हे त्याला शुद्धीत माहीत आहे आणि नशेतही. म्हणून ‘दारू सुटली की सगळं नीट होईल’ या आशेवर तिला थांबवू नका. गावातला एखादा पुरुष, ज्याचा त्याला धाक नव्हे पण मान आहे, तिच्या संमतीनं त्याच्याशी बोलला तर बोलू दे. तिची सासूही एकदा बाजूला गाठून बघा. काय सांगावं, त्या घरात तिनंही हेच सोसलं असेल आणि तिला आजवर कुणी विचारलं नसेल.

हे सगळं एकट्या तुमच्यानं होणार नाही, आणि तुम्ही ते एकटीनं अंगावर घेऊ नका. कामं वाटून घ्या. एकीनं कागद सांभाळायचे, दुसरीनं कोर्ट-दवाखान्याला सोबत जायचं, तिसरीनं फोन करायचे, तुमच्याकडं पोरं. आपल्या भागाला हे नवं नाही. वाळव्यातल्या कासेगावच्या इंदुताई पाटणकर प्रतिसरकारच्या काळात स्वातंत्र्यलढ्यात होत्या. त्यांनी उतारवयात नवऱ्यानं टाकलेल्या बायकांना गोळा करून त्यांच्या हक्कांसाठी चळवळ उभी केली. शेजारच्या साताऱ्यात अ‍ॅडव्होकेट वर्षा देशपांडे दलित महिला विकास मंडळाच्या कामातून तीन दशकांहून जास्त काळ बायकांच्या बाजूनं उभ्या आहेत. या कामांची सुरुवातही अशीच दोन-चार बायका एकीच्या दारात जाऊन बसल्या तेव्हा झाली असणार.

आता पोराबद्दल.

भिंतीपलीकडून तुम्हाला जे ऐकू येतं ते त्याच्या उशाशी होत असतं. अशी मुलं गप्प होतात, किंवा उलट शाळेत मारामाऱ्या करतात, अंथरुणात लघवी होते, धाकट्या बहिणीवर हात उचलतात. आणि बहुतेकांच्या मनात एकच असतं, की हे माझ्यामुळं होतंय. मी अभ्यास केला असता, ताटात भात टाकला नसता, तर पप्पा चिडले नसते. म्हणून त्याला एक वाक्य पुन्हा पुन्हा ऐकू द्या, ‘यात तुझी काही चूक नाही.’ त्याच्या वडिलांना शिव्या देऊ नका. मारतात ते वाईट आहे एवढं म्हणा. तो त्यांच्यावर प्रेमही करतो, ते त्याला तुमच्यापासून लपवायला लागू नये. घरात काय झालं ते त्याच्याकडून काढून घेऊ नका. सांगितलं तर ऐका. मधे पडून आईला वाचवायचं काम त्याचं नाही, त्यानं बहिणीचा हात धरून तुमच्याकडं यायचं, हे त्याला आईसमोर सांगा. तुमचा नंबर आणि १०९८ हा मुलांच्या मदतीचा नंबर पाठ करून घ्या, पाढ्यांसारखा.

त्याच्या बाईंना किंवा गुरुजींना, आईच्या परवानगीनं, एवढंच सांगा की घरी त्रास आहे, गृहपाठ राहिला तर वर्गात उभं करू नका. आई पुन्हा माहेरी गेलीच तर शाळा बुडणार नाही हेही तिला सांगा. दाखला मिळायला उशीर झाला म्हणून दुसऱ्या शाळेनं प्रवेश नाकारायचा नाही, असं शिक्षण हक्काच्या २००९ च्या कायद्यात आहे. मागच्या वेळी महिनाभर पोरगं माहेरी नुसतंच बसून होतं का? असेल, तर तेही तिच्या परतण्याचं एक कारण असू शकतं.

तुमचं चुकलं का, असं विचारलंत. घरात दोघी बायका, शेजारी तसला माणूस, रात्रीची वेळ. तुम्ही भ्यालात. भ्यायलाच पाहिजे असा तो माणूस आहे. आणि त्या पोरानं झोपायला जागा मागितली ती गावातल्या इतक्या घरांतून तुमच्याकडं, म्हणजे तुमच्या सैपाकघरात त्याला काहीतरी मिळत होतं. ते अजून मिळू शकतं.

उद्या बागेत त्याच्या आईशी बोलून घ्या. तिनं हो म्हटलं तर अशा रात्री दोन्ही पोरं तुमच्याकडं झोपतील, हे तिच्याच तोंडून त्याला कळू दे. तो माणूस दारात आला तर आतूनच ‘पोरं झोपलीत, सकाळी पाठवते’ एवढं म्हणायचं, दार उघडायचं नाही, आणि सुनेनं तेवढ्यात समोरच्या घरी फोन लावायचा. समोरच्यांना हे आधीच सांगून ठेवा. तो दार ठोकत राहिला तर ११२. पोरगं आलं की आधी काहीतरी खायला द्या, बोलणं नंतर. त्याच्यासाठी एक गोधडी वेगळी काढा, आणि ती कुठल्या खुंटीला ठेवलीय ते त्याला दाखवून ठेवा.